पुसलेला बाण

धाकटे,

‘सप्रेम’ लिहायला हात धजावत नाही.

रविवार, नऊ मार्च, सकाळी सहा चाळीस. जंगलातल्या दुसऱ्या फाट्यावरचा पिठाचा बाण तू पायाने पुसलास. आपल्या पळणाऱ्यांच्या गटाचा नियम तुला पाठ आहे: सगळ्यांत पुढे पळणारा वाट दाखवायला जमिनीवर पिठाने बाण काढतो आणि सगळ्यांत शेवटचा तो पुसतो. शेवटची मी होते. "थांब गं, लेस सुटलीय," असं मी ओरडले, तेव्हा तू "हो ताई" म्हणालीस. मी फाट्यावर आले, तर बाणाच्या जागी पायाने फिसकटलेलं पीठ, आणि तू नाहीस.

चुकीच्या वाटेने, काट्यांत खरचटत मी गाड्यांपाशी पोहोचले. तिथे तू मैत्रिणींना सांगत होतीस, "ताई परत फिरली असेल. तिला आता चालणाऱ्यांच्या गटात घालू या, झेपत नाही बिचारीला."

बिचारी! माझे गुडघे तुझ्यापेक्षा धड आहेत, डॉक्टरांना विचार. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेल्या सभ्य भाषेत लिहितेय, उपकार मान. गट मी सोडणार नाही.

मी मागे आहे हे तू विसरलीस, की मी वाट चुकावं असंच तुला वाटलं? उत्तर लेखी दे, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते.

अजून तरी तुझी,
ताई