उंबरठ्याची उंची

ती. दादास धाकटीचा लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, आईला सांग. अपंग हक्क संस्थेतली इंटर्नशिप म्हणजे टेप घेऊन कचेऱ्यांची दारं मोजायची. व्हीलचेअर आत जाते का बघायचं.

काल आमच्या वकीलबाईंची व्हीलचेअर मी मदत म्हणून ढकलली. त्या म्हणाल्या, "अगं, आधी विचारावं." मी खजील झाले.

तेव्हापासून मोजता मोजता तंद्री लागते. प्रत्येक दारात आपलाच उंबरठा दिसतो, आणि बाबा तुला खुर्चीसकट उचलून आत आणताना दिसतात. तू हसायचास. खरंच हसू यायचं का रे?

बाबांना न दुखावता उंबरठ्याची उंची कळव. रॅम्पचं माप मी काढते. सुट्टीत आले की बेल वाजवून बाहेरच थांबेन. दार तू उघडायचंस.

तुझीच,
चिमी