कार्पिनेताचं धुरघर

कार्पिनेता, २० ऑक्टोबर १९५२

ती. ऑरेस्तेदादास,

सा. न. वि. वि. इकडे आई आणि मी धडधाकट आहोत. तिकडे बेल्जियमात तू आणि तुझी खाण, दोघंही शहाण्यासारखे वागत असाल असं धरून चालते.

चेस्टनट वेचायला सुरुवात झाली. यंदा पीक असं आहे की झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही. आई अडुसष्टाव्या वर्षी माझ्या दुप्पट वेचते आणि वर मलाच ऐकवते, की देवाने तुझी कंबर फक्त बसण्यासाठी घडवली आहे. नेल्लोमामाने धुरघराच्या माळ्याच्या फळ्या एकेक काढून घासल्या आणि परत बसवल्या. सगळ्या गावाचा माल याही वर्षी आई आणि मामा या बहीणभावाच्या ताब्यात. नोव्हेंबरच्या पाच तारखेला माळ्यावर फळं पसरून खाली जाळ घालायचा, तो चाळीस दिवस विझू द्यायचा नाही. फळं वाळली की दळण आणि मग वर्षभराच्या पिठाची निश्चिंती. तू मात्र तिकडे बटाटे खाऊन खाऊन बटाट्यासारखा झाला असशील.

एक-दोन गोष्टी लिहू की नको असं चाललं होतं. आठ दिवस झाले, झऱ्याचं पाणी दुधासारखं गढूळ येतंय. चर्चचं दार चौकटीत अडकतं, आपल्या पाद्रीबाबांना, डॉन अत्तिलिओंना, ते खांद्याने ढकलावं लागतं. आणि गावाच्या वरच्या कुरणात एक भेग पडली आहे, बोटभर रुंद, पण लांबच लांब. शेळ्या तिथे चरायला तयार नाहीत. मामा म्हणतो, उन्हाळा कोरडा गेला, जमीन तडकली, त्यात काय एवढं. तसंच असेल.

तुझा लोभ जमिनीच्या पोटातूनही आमच्यापर्यंत पोचतो. तो वाट चुकू देऊ नकोस.

तुझी,
इसोलिना


शार्लरवाजवळ, २७ ऑक्टोबर १९५२

चि. इसो हिस,

अ. उ. आ. तुझं पत्र पाळीवर जाताना मिळालं आणि त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

कोरड्या उन्हाळ्याने तडकलेली जमीन पावसानंतर मिटते. आणि उन्हाने झऱ्याचं पाणी आटतं, गढूळ होत नाही. गढूळ पाणी म्हणजे आत काहीतरी घासतंय. इथे छत खाली यायच्या आधी लाकडी टेकू कुरकुरायला लागतात. जुने लोक त्याला लाकूड बोलतंय असं म्हणतात, आणि लाकूड बोललं की हातातलं हत्यार टाकून पळायचं, मागे वळून बघायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा.

आता मी सांगतो तेवढं कर. खिडकीच्या काचेची एक अरुंद पट्टी घे. आपल्या मागच्या भिंतीला भेग असेल तर तिच्यावर ती आडवी ठेवून दोन्ही टोकांना चुना थाप. खाली तारीख लिही. काच फुटली तर भिंत हलते आहे, म्हणजे खालची जमीन हलते आहे. मामाला विचारत बसू नकोस. तो तुझ्या हातातली काच काढून घेईल आणि वर हसेल.

आईला माझा नमस्कार. मी बटाट्यासारखा झालेलो नाही, पण तू माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
ऑरेस्ते


कार्पिनेता, ९ नोव्हेंबर १९५२

ती. दादास,

सा. न. वि. वि. काच लावली तो सर्व संतांचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मृतांच्या दिवशी, सकाळी पितरांसाठी उकडलेले चेस्टनट ताटात काढून ठेवले आणि मागे जाऊन पाहिलं, तर काच मधोमध फुटलेली. दुसरी लावली. ती तीन दिवस टिकली.

मग मी डॉन अत्तिलिओंना नेऊन दाखवलं. ते त्याच दुपारी खाली पोंतेसेक्कोला उतरले आणि गुरुवारी शहरातून एका इंजिनिअरला घेऊन आले. बिचारा तरुण माणूस, बूट चिखलाने भरले होते. कुरणातली भेग आता माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी आहे. त्याने तिथे काठी घातली, ती त्याच्या हातातून सुटून आत गेली. खाली पडल्याचा आवाज कोणी ऐकला नाही. परत येऊन त्याने स्वच्छ सांगितलं, की हा उतार गावासकट खाली येणार. आज की दोन महिन्यांनी हे सांगता येत नाही, पण बर्फ आणि पाऊस यायच्या आत गाव रिकामं करा. खाली शाळेत आणि गोठ्यांत सोय करून ठेवतो म्हणाला.

आज प्रार्थनेनंतर सगळे चौकात जमले. मामा बोलला. म्हणाला, जाळ घालून चार दिवस झालेत. माल अर्धवट सोडला तर आठवड्यात बुरशी धरेल, आणि मग चौसष्ट माणसांनी वर्षभर काय खायचं, इंजिनिअरचे बूट? लोक हसले. ठरलं असं, की चेस्टनट वाळेपर्यंत थांबायचं. डिसेंबरच्या मध्याला दळण झालं की पिठासकट उतरायचं.

मी सुद्धा हसले, दादा. ते मला आता खातंय. वरच्या ओळीतली झाडं दारू प्यायल्यासारखी एकमेकांवर रेलली आहेत.

आमची आठवण जिथे ठेवली असशील तिथेच असू दे.

तुझी,
इसो


कार्पिनेता, १२ नोव्हेंबर १९५२

चि. ऑरेस्ते यास आई आर्जेनेचे अ. उ. आ.

मला लिहिता येत नाही म्हणून डॉन अत्तिलिओंच्या हातून लिहिते आहे. तू आपल्या बहिणीला भरीस घालतोस हे मला कळलं आहे. तुझ्या काचेच्या तुकड्यांनी घराची भिंत बाटवून टाकलीस.

तुझा बाप गेला त्या वर्षी मी प्रेतापाशी बसून उठले ती धुरघरात गेले, कारण लाकूड सारायची पाळी माझी होती. जर्मन शिपाई गावात होते तेव्हाही जाळ विझला नाही. त्यांनी आमच्या शेळ्या खाल्ल्या, पण धुरघराला हात लावला नाही. त्या हिवाळ्यात खालच्या गावात लोकांनी गवताच्या मुळ्या शिजवल्या आणि आम्ही पिठाच्या भाकरी थापत होतो. भूक कशी असते हे तू विसरलास, कारण तुला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मी विसरले नाही. डोंगर यायचा तेव्हा येईल. भूक मात्र मार्चमध्ये नक्की येते.

तू गळ्याला गरम कपडा बांधत जा. तुझ्यावर राग आहे, पण आशीर्वाद त्याच्याहून मोठा आहे.

आई

ता. क. मजकूर आर्जेनेबाईंनी सांगितला तसाच लिहिला आहे. मी त्याच्याशी सहमत नाही, आणि रविवारी व्यासपीठावरून तसं बोललोही. माझं कोणी ऐकत नाही. अलीकडे चर्चची घंटा दोरीला हात न लावता किणकिणते. गावकऱ्यांना मी वाऱ्यामुळे असं सांगतो. तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी वारा नसतो. — अत्तिलिओ


शार्लरवाजवळ, १७ नोव्हेंबर १९५२

चि. इसो हिस,

अ. उ. आ. आईचं पत्र आणि त्याखालचा ता. क. दोन्ही वाचले. रजा मागितली आहे. नाताळाआधी मिळणार नाही असं दिसतं. इथल्या फोरमनला डोंगर म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्या देशात डोंगर नाहीत, खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग आहेत.

तू एकटीच खाली जा म्हटलं तर जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. आणि आई धुरघर सोडून हलणार नाही. खरं तर सगळं गाव तेवढ्यासाठीच बसलं आहे. तो जाळ आहे तोवर कोणी उठणार नाही. मला पुढे काही सुचत नाही.

रोज एक ओळ तरी लिहीत जा. लोभ वगैरे लिहायला आज हात धजत नाही.

दादा


पोंतेसेक्को, २५ नोव्हेंबर १९५२

ती. दादास,

सा. न. वि. वि. वरचा पत्ता बदललेला दिसेल. आम्ही खाली आलो. सगळे. कसे आलो ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

शनिवारी तुझं पत्र आलं. त्याच दिवशी झरा बंद पडला. गढूळही नाही, काहीच नाही. रविवारी प्रार्थनेला सगळं गाव चर्चमध्ये होतं. जाळाजवळ बसायची पाळी माझी होती. मी धुणं धुवायच्या हौदातलं उरलंसुरलं पाणी आणलं, सात बादल्या, आणि जाळावर ओतलं. नुसतं तेवढं करून भागलं नसतं. मामाने तासाभरात पुन्हा पेटवला असता. म्हणून काठीने माळ्याच्या फळ्या उचकटल्या. पहिली निघायला वेळ लागला, मग एकामागून एक सुटत गेल्या. सगळ्या गावाचा माल त्या राखेच्या चिखलात कोसळला. वाफ, धूर, काही दिसेना. दादा, तो आवाज गारांसारखा होता आणि थांबता थांबेना.

बाहेर येऊन मी उंबऱ्यावर बसले. लोक प्रार्थनेहून आले. मला वाटलं मारतील. कोणी बोट लावलं नाही. मामा आत गेला, बाहेर आला, आणि म्हणाला की मुली, तू चौसष्ट माणसांच्या तोंडातला घास काढलास. आई पाठ फिरवून घरात गेली. एक बाई माझ्या अंगावर थुंकली. ती लहानपणी माझ्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला माझ्या डोक्यावर ओढणी बांधायला आली होती.

मग थांबण्याजोगं काही उरलंच नाही. सोमवारी गाढवं आणि शेळ्या घेऊन सगळे उतरले. आम्ही शाळेच्या एका खोलीत आहोत. इंजिनिअरने सोय केली आहे, सरकारी पीठही येतंय, पांढरं, मऊ, चव नसलेलं. आई खोलीत माझ्याकडे पाठ करून बसते. आता धुरघराचं तोंड पाहणार नाही अशी शपथ तिने घेतली आहे. मामा मात्र आज सकाळीच पाटी घेऊन वर गेला, आणि आता रोज जाणार आहे. चिखलातले चेस्टनट वेचायचे, धुवायचे, फळ्या परत बसवायच्या, नवा जाळ घालायचा. पुष्कळसे वाचवीन म्हणतो. मी त्याच्या पाया पडले, जाऊ नकोस म्हटलं. माझ्याकडे न बघता गेला.

तुझ्याकडे अजून माया शिल्लक असेल तर जपून ठेव. इथे मिळत नाही.

इसो


शार्लरवाजवळ, ३० नोव्हेंबर १९५२

चि. इसोलिना हिस,

अ. उ. आ. तुझ्या पत्राआधी मामाचं पत्र आलं. त्याने चार ओळी लिहिल्या आहेत आणि त्यात शिवी एकही नाही, म्हणून जास्त लागल्या.

मी तुला असं करायला सांगितलं नव्हतं. पुन्हा माझं पत्र काढून वाच. मी काच लावायला सांगितली, रोज एक ओळ लिहायला सांगितली. सगळ्या गावाचं अन्न मातीत घाल असं मी कुठे लिहिलं? आपल्याकडची आणखी तीन माणसं या खाणीत आहेत. कालपासून ती माझ्याशेजारी जेवायला बसत नाहीत. मला विचारतात, की बाबा, तुझा डोंगर कधी येणार? आज तीस तारीख. डोंगर उभा आहे, इसो. नाताळातही उभा असला तर आपण कोणत्या तोंडाने गावात शिरायचं?

आईची काळजी घे. बाकी काय लिहू.

ऑरेस्ते


पोंतेसेक्को, ५ डिसेंबर १९५२

ती. दादास,

सा. न. वि. वि. डोंगर उभा आहे, असं लिहिलेलं तुझं पत्र काल मिळालं. परवा, बुधवारी, तो आला.

दुपारी बारा वाजायच्या बेतात होते. बाजाराचा दिवस, म्हणून वरच्या गोठ्यांतलं गवत आणायला त्या दिवशी कोणी गेलं नव्हतं. मी नदीवर धुणं धूत होते. आधी नदीचं पाणी थरथरलं. मान वर केली तर चर्चचा मनोरा हळूहळू सरकताना दिसला. अगदी ताठ उभा होता, मिरवणुकीत खांद्यावर नेतात तसा. त्याच्याबरोबर चौक, त्याच्याबरोबर आपलं घर. आवाज नंतर आला. मग धुळीने सगळं झाकलं, आणि धूळ बसली तेव्हा तिथे नुसती ओली पिवळी माती होती. धुरघर कुठे होतं ते मला बोट दाखवून सांगता येईना.

नेल्लोमामा सकाळी सातला वर गेला होता. आदल्या दिवशी त्याने नवा जाळ पेटवला होता आणि अकरा पोती वाचली म्हणून इथल्या चौकात सर्वांना सांगितलं होतं. पुरुषांनी दोन दिवस खणलं. इंजिनिअरने आज थांबवलं, उरलेला उतार अजून हलतो आहे म्हणून. मामा सापडला नाही. सापडणारही नाही.

बाकी त्रेसष्ट माणसं आहेत. डॉन अत्तिलिओंनी एकेकाचं नाव घेऊन हजेरी घेतली. माझ्या नावापाशी ते थांबले, मग पुढे गेले. कोणी मला काही म्हणत नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही. मी समोर आले की वाट देतात.

मी तसं केलं नसतं तर मामा मेला असताच, सगळ्यांबरोबर. हे मी दिवसभर स्वतःला सांगते. आणि मग वाटतं, पण तो त्या दिवशी वर गेला तो मी केलेला चिखल उपसायला.

तू मागच्या पत्रात लिहिलंस त्याबद्दल मी मनात काही धरलेलं नाही. लोभ असला तर ये. नसला तरी आईसाठी ये.

इसोलिना


पोंतेसेक्को, २८ डिसेंबर १९५२

चि. ऑरेस्ते यास आईचे अ. उ. आ.

डॉन अत्तिलिओ समोर बसले आहेत. तू नाताळाला येणार होतास, रजा पुढे ढकलली असं कळलं. ये तेव्हा ये. पण इसोची क्षमा मागायला येतोस असं लिहिलंयस, त्याबद्दल सांगते. क्षमेचं बोलू नकोस. शेळ्यांसाठी कुंपण घालायचं आहे, ते घाल.

माझा भाऊ तिच्यामुळे गेला. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं नाही, पण मनातून काढणार नाही. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आणि मी ज्या खोलीत हे सांगते आहे तिथे तिच्यामुळेच बसले आहे, हेही मला कळतं. या दोन गोष्टींची बेरीज कर, वजाबाकी कर, असं डॉन अत्तिलिओ रोज सुचवतात. मी त्यांना सांगितलं, मला शाळेत घातलं नव्हतं.

तू विचारलंस, आई तिच्याशी बोलते का. पस्तीस दिवस बोलले नाही. ती माझ्यासमोर ताट ठेवायची आणि भिंतीकडे जाऊन बसायची. वाळली आहे. काल सकाळी माझा हात वर जाईना, खांदा धरला होता, आणि केसांच्या जटा झाल्या होत्या. मी म्हटलं, इसो, कंगवा घे. ती उठली. माझ्या मागे बसून तिने बराच वेळ गुंता सोडवला, एकही केस ओढला गेला नाही. नंतर वेणी घातली. आज सकाळी ती कंगवा घेऊन आपणहून मागे येऊन बसली. मी बसू दिलं.

थंडी फार आहे. पायात दोन मोजे घाल. आम्हा दोघींचा आशीर्वाद समज. तिचा मी विचारलेला नाही, पण तो असेलच.

आई