एकोणीस मेची तारीख

एर्लांगेन, शुक्रवार

प्रिय उर्जा,

तू ऑफिसला गेलीस आणि मी लिहायला बसले. समोर सांगायला गेले की माझा आवाज वर्गातला होतो आणि तू उठून जातेस, म्हणून कागद. तुझ्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची एकोणीस मेची तारीख गेली, आता एकदम नोव्हेंबर, हे तू काल फोन ठेवून इतक्या सपाट आवाजात सांगितलंस की आदळआपट केली असतीस तर बरं वाटलं असतं. क्लिनिकने पाठवलेलं पत्र 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' म्हणून परत गेलं, मुदतीत होकार आला नाही म्हणून त्यांनी तारीख दुसऱ्या कुणाला दिली. मी विचारलं, एक फोन करायला यांना काय धाड भरली होती? तू म्हणालीस, "आई, इथे सगळं कागदावर असतं."

फेब्रुवारीत मी तुझ्या सोबतीला आले, असं आपण सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी तपासायला आले होते. एकतीस वर्षं गणित शिकवलं, परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्या. संशय घेण्याची सवयच लागली आहे. त्या सर्जनवर माझा संशय होता. कपाळाचं हाड घासणार, हनुवटी लहान करणार, आणि हसून कॉफी विचारतो! त्याने दाखवलेल्या फोटोंतल्या बायका मला सगळ्या एका साच्यातल्या वाटल्या. तुझ्या मैत्रिणींनी हे तुझ्या डोक्यात भरवलं असेल, असाही संशय होता. तुझ्यावर तर होताच. क्लिनिकमधून परतताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, "या चेहऱ्यात वाईट काय आहे? तुझ्या बाबांचा आहे. त्यांच्यामागे तेवढाच उरलाय." तू म्हणालीस, "वाईट काहीच नाही गं. मला सुंदरही नाही व्हायचं. तिकीट तपासणाऱ्याने कार्डावरचं नाव बघून परत वर बघू नये, एवढंच." थोड्या वेळाने तो आलाच. त्याने कार्ड पाहिलं, तुला पाहिलं, परत कार्ड पाहिलं. तुला साहेब म्हणावं की बाई, हे त्याला ठरवता येईना. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तयारी मात्र मी मन लावून केली, हे तू कबूल करशील. डोक्यावरून कपडे घालता येणार नाहीत म्हणून पुढून बटणांचे तीन सदरे शिवले. चावता येणार नाही म्हणून मुगाचं कढण डब्यांत भरून गोठवलं. सूज उतरवायला मटारच्या पिशव्या आणल्या, तेव्हा तू चिडवलंस, "आई, हे खायचे नाहीत, तोंडावर ठेवायचेत. तुझ्याने बघवेल का?" कॉपी करणारी मुलं त्या दिवशी फार शहाण्यासारखी वागतात, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये तू अकरा दिवस कामासाठी आखनला गेलीस. परत आलीस तर लेटरबॉक्सवरची तुझ्या नावाची पट्टी गायब. तू त्याच दिवशी नवी लावलीस आणि संशय घेतलास तो खालच्या मजल्यावरच्या लिंडनरबाईंवर. त्या तुझ्याकडे टक लावून बघतात, जिन्यातल्या सायकलवरून कुरकुरतात, हे खरं. मीसुद्धा म्हटलं, "बाई तशीच आहे, डोळ्यांत दिसतं." आणि काल, पेटीवर नाव नव्हतं म्हणून पत्र परत गेलं हे कळल्यावर तू घराच्या व्यवस्थापनाला त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिलीस. पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं आहेस. उद्या टाकणार आहेस.

ते टाकू नकोस. पट्टी मी काढली. तू नसताना श्रीपादकाका न्यूरेंबर्गच्या प्रदर्शनाला आले होते, तासभर चहाला येतो म्हणाले. त्यांना तुझं काहीच माहीत नाही. दारात 'उर्जा' हे नाव वाचून विचारतील, या भीतीने मी सुरीने पट्टी खरवडली. चहा घेताना ते म्हणाले, "काय वहिनी, चिरंजीव कुठे?" मी म्हटलं, कामाला गेलाय. 'गेलाय' म्हटलं, उर्जा. ते गेल्यावर दुसरी पट्टी लावता आली असती. नाही लावली. पोस्टमनला घर ठाऊक आहे, पुण्यात आपल्या पोस्टमनला कुठे नाव वाचावं लागतं, अशी मनाची समजूत घातली. पण खरं कारण तेही नाही. नऊ दिवस ती रिकामी जागा बघून मला हायसं वाटत होतं. मग तू आलीस, दुसऱ्याच बाईचं नाव घेतलंस, आणि मी मान डोलावली. खरवडलेली पट्टी मी फेकली नाही, चष्म्याच्या डबीत आहे. उद्या दहाला मी लिंडनरबाईंचं दार वाजवणार आहे. मला जर्मन येत नाही. पट्टी दाखवीन आणि स्वतःकडे बोट करीन. सोमवारी क्लिनिकमध्येही हेच करीन, तारीख मिळो न मिळो. नव्या अर्जात शस्त्रक्रियेनंतर जवळ कोण राहणार, त्याचं नाव लिहावं लागेल. ती ओळ सध्या कोरी ठेव. माझं नाव लिहायचं की नाही, ते मी खालून वर आल्यावर ठरव.

तुझीच, शिक्षेला तयार असलेली,
आई