कोराडी रोडवरची रांग

कोराडी रोड, नागपूर
सोमवार, ता. ९ जानेवारी १९८४, सकाळी सव्वासहा. आईच्या छातीला तेल चोळून, हात धुऊन लिहायला बसलो आहे.

ती. मारोतदादा यांस,
धाकट्या केशवचा नमस्कार, वि. वि.

शनिवारी डेपोच्या फाटकात सर्वांसमोर मला मालकाचा कुत्रा म्हणून गेलात आणि या घराचा उंबरा चढणार नाही असेही सांगून गेलात. म्हणून पत्र.

कोळशाच्या डेपोपुढची रांग मी तुमचे पोट मारायला बंद केली, असे तुम्ही जरीपटक्यापर्यंत सांगत फिरता. खरे काय ते लिहितो. रांगेत उभ्या असलेल्या ट्रकलाच नंबर, असा नियम होता. म्हणून पहाटेपासून तीसेक ट्रक आमच्या खोलीसमोर उभे. रांग वीतभर सरकायची आणि थंडीत सेल्फने परत चालू होत नाही म्हणून इंजिन कोणी बंद करत नव्हते. अर्धे डिझेल उभ्या उभ्या जळायचे आणि ते आईच्या छातीत जायचे. तिच्या श्वासाची शिट्टी तुम्ही ऐकलेली आहे.

मी आमचे डेपोमालक गोपाळराव यांना विचारले, डेपोत टेलिफोन आहे तर सगळ्यांना पहाटे कशाला बोलवायचे? प्रत्येकाने आपल्या जवळच्या दुकानाचा फोन नंबर द्यावा, पाळी आली की मी कळवीन, मग घरून निघावे. मालकांनी महिनाभर करून बघायला परवानगी दिली. आता फाटकात एका वेळी तीन-चार ट्रक असतात. विटांच्या भट्ट्या आणि लाकडाच्या टालीही असे करणार म्हणतात. सगळ्या शहराने केले तर किती धूर कमी होईल, याचा मी रोज विचार करतो.

आईने परवा बाहेर दोरी बांधली. म्हणाली, मारोतले सांगजो, आता धुणं काळं नाही होत. ट्रकमालकसंघाच्या २९ तारखेच्या सभेत रांग परत सुरू करण्याचा अर्ज देऊ नका, एवढेच मागणे.

कळावे. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
आपला,
केशव

---

गांधीबाग
ता. १२ जानेवारी

चि. केशवले,
आशीर्वाद द्यावा लागते म्हणून देतो.

दहावीत दोनदा आपटला अन् आता आमाले ट्रक चालवणं शिकवून राहिला. मी तीन वाजता उठून रांगेत पहिला लागत होतो, ते काय धूर खायले? ज्याले घाई असे त्याले मी माहा नंबर विकत होतो. माह्या पोरीची, जयाची फी अन् गाडीचे टायर त्यातूनच निघत होते. तुले हे माहीत होतं. आता तुह्या फोनवर कोणाचाच नंबर विकता येत नाही.

अन् रांगेत नुसता धूर नव्हता गा. तिथं कोणी जॅक द्यायचा, कोणी भाड्याची खबर द्यायचा. आता जो तो आपल्या घरी फोनची वाट पाहत बसून राहते, विधवेसारखा. एवढा धुराचा कळवळा आहे त कोराडीच्या वीजघराच्या त्या मोठ्या चिमण्यायले फोन लाव. त्या ऐकतात का पाह्य.

आईचा खोकला तुह्या चुलीचा आहे. तिले इकडं पाठव. अर्जावर पहिलं नाव माहं आहे, सभेत वाचीनही मीच. अन् भैयाजीच्या कापडाच्या दुकानात फोन करत जाऊ नको. डेपोतून फोन आला की मारोत घरी नाही म्हणून ठेवून द्या, असं मी त्यायले सांगून ठेवलं आहे.

बाकी काही नाही.
मारोत

---

कोराडी रोड
शनिवार, ता. २१ जानेवारी, दुपारी दोन. आई झोपली आहे.

मारोतराव यांस, नमस्कार.

दादा लिहिण्याचे आज मनात नाही.

गुरुवारी दुपारी आईला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. मी डेपोत धावलो. फाटकात एकही ट्रक नव्हता. पूर्वी तीस असायचे. हे तुम्ही म्हणणारच, म्हणून आधी मीच लिहितो.

मी भैयाजींकडे फोन लावला. मारोत घरी नाही म्हणाले आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्या वेळी मागे तुम्ही हसत होता. तुमचे हसणे मी कुठेही ओळखतो.

मग जरीपटक्याच्या चंद्रभानजींना लावला. त्यांची पाळी नव्हती. काहून, कशाले, काही न विचारता ते निघाले आणि कोळशाच्या ट्रकमध्ये आईला बसवून दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लावावा लागला. काल घरी आणले. डॉक्टरांनी विचारले, घराजवळ धूर आहे का? मी सांगितले, होता. पुन्हा येईल की नाही ते २९ तारखेला ठरेल.

आईने तुमच्याबद्दल विचारले. मी सांगितले, दादा घरी नव्हता.

केशव

---

गांधीबाग
ता. २४ जानेवारी

केशव,
मी दुकानातच होतो. पत्ते खेळत होतो. मले वाटलं नंबर देऊन राहिला. आई आहे हे कोणी सांगितलं नाही, अन् मी सांगू दिलं नाही.

तुह्यावरचा राग तसाच आहे. उंबरा चढणार नाही म्हणून चार लोकायसमोर बोललो, तेही तसंच. रविवारी चार वाजता भैयाजीकडं उभा राहतो. फोन लाव अन् आईच्या हातात दे. तू बोलू नको. मले तुहा आवाज ऐकायचा नाही.

मारोत

---

कोराडी रोड
रविवार, ता. २९ जानेवारी, रात्री आठ.

मारोतदादा यांस, नमस्कार.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे आईला डेपोत नेले आणि चार वाजता फोन लावून तिला दिला. ती एक शब्द बोलली नाही. दोन्ही हातांनी धरून नुसती बसली. मग परत माझ्याकडे दिला. मी विचारले, काहून बोलली नाहीस? म्हणाली, पोरानं मायले आधी नमस्कार करावा लागते. त्यानं केला नाही त मी काहून बोलू.

तुम्ही का बोलला नाहीत, ते मी विचारत नाही. सभाही चारलाच होती. तिथे काय झाले ते मला अजून कळलेले नाही. सकाळी खिडकी उघडायची की नाही, ते त्यावर आहे.

केशव

---

गांधीबाग
ता. ३१ जानेवारी

चि. केशवले आशीर्वाद.

मले वाटलं, आई आधी विचारील, कसा आहे गा. मी वाट पाहून राहिलो. मग तिचा श्वास ऐकू आला. शिट्टी नव्हती. लहानपणी आपण तिच्या कुशीत झोपत होतो, तसा साधा श्वास. भैयाजी म्हणाले, फोन मेला वाटते, ठेव. मी ठेवला नाही. तुमच्याकडून ठेवेपर्यंत ऐकला.

सभेत मी गेलोच नाही. अर्ज माह्या खिशात राहिला, त कोण वाचते? पण मी तो फाडला नाही, हे ध्यानात ठेव. टायर अजूनही तुह्यामुळंच घासलेले आहेत अन् चंद्रभानचं नाव माह्यासमोर काढू नको.

माहा नंबर लागला की भैयाजीले कळवजो. मी येईन, फाटकात इंजिन बंद करीन. परत चालू नाही झालं त धक्का तू मारशील.

रविवारी चारला फोन लाव. आईले सांगजो, मारोत आधी नमस्कार करते.

मारोत