सात नंबरचा फॉर्म

नारायणगाव,
शुक्रवार

प्रिय दादा,

जय भीम. हे पत्र दुकानात बसून कागदावर लिहितोय. पूर्ण झालं की पानांचे फोटो पाठवीन. फोनवर बोललो असतो, शेजारी बसून स्पीकर लावायला सांगणारी आईही आज घरी नाही. पण बोलताना माझी वाक्यं अर्धवट राहतात. लिहिताना शब्द तपासून घेता येतो.

आईची तब्येत ठीक आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणते, तोवर बारीक अक्षर मीच वाचून दाखवतो. काल ती झुंबरमावशीकडे राजुरीला गेली, रविवारी सकाळी येडगावला घरी परत येईल. माझं काम तेच, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. दहावी सुटली नाही, पण लोक अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात. माझी वेलांटी चुकत नाही म्हणे.

मतदानाचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तू चार वर्षांनी आला होतास. आई पहाटेच न्हाऊन पांढरी साडी नेसून तयार होती. दर मतदानाला ती असंच करते, सणासारखं. कोणी हसलं तर म्हणते, "त्या रांगेत पाटील मागं आन् मी म्होरं, असं दुसरीकडं कुटं व्हतं का?" त्या दिवशी तर तिला दोन्ही पोरांना घेऊन रांगेत उभं राहायचं होतं. शाळेच्या फाटकाबाहेर भागुजीकाका यादी घेऊन चिठ्ठ्या देत बसले होते. त्यांनी पानावरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "द्रौपदावहिनी, तुमचं हाय, संघदीपचं हाय. रत्नदीपचं न्हाई दिसत."

"दिसत न्हाई म्हंजी? जलमला हितं, शाळा हितं शिकला, आन् नाव न्हाई?"

"आता मी काय नावं छापतो का, वहिनी?"

"छापत नसशील, खोडत तर आसशील!"

रांगेतले लोक हसले. तू "जाऊ दे, आई" म्हणालास आणि खाली बघत राहिलास. मी तुझ्या मागेच उभा होतो. मीही खालीच बघत होतो.

त्या दिवसापासून आई भागुजीकाकांशी बोलत नाही. तुला धरणाच्या पाण्यात पोहायला त्यांनी शिकवलं. आपले वडील गेले तेव्हा महिनाभर आपली मोटर त्यांनीच चालू-बंद केली. आता आई दिसली की ते बांधावरूनच माघारी वळतात. मला एकदा रस्त्यात गाठून म्हणाले, "तुझ्या आयला सांग राव, मी आसलं काम करन का?" मी मान हलवली, पण घरी काही सांगितलं नाही. वस्तीतली पोरं उघड म्हणतात की आपल्या वस्तीतलं नाव म्हणूनच काढलं. आजोबांच्या काळात अशी नावं खरंच राहून जायची, त्यामुळे पुरावा कोणी मागत नाही.

तू परत गेल्यावर आईने माझ्याकडून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. ती सांगत होती, मी लिहीत होतो. माझ्या मुलाचे नाव कोणाच्या अर्जावरून वगळले, त्या अर्जाची प्रत मिळावी. तिने सही केली आणि म्हणाली, "कागद आला की विहारापुढं चार माणसांत वाचायचा. भागुजीला बी बोलवायचं. समद्यांसमोर त्याला इचारते." मी तो अर्ज पुन्हा वाचून पाहिला. एकही चूक नव्हती.

दादा, मतदानाच्या आधी तू कॅनडाहून नागरिकत्वाच्या शपथविधीचा फोटो पाठवलास, हातात छोटा झेंडा असलेला, आणि खाली लिहिलंस की आईला इतक्यात सांगू नको, तेव्हा मी 'अभिनंदन' लिहिलं. मग नियम वाचायला बसलो. जन्माने मिळालेलं नागरिकत्व तू शपथ घेतलीस त्याच दिवशी आपोआप संपलं. त्यासाठी वेगळा कागद यावा लागत नाही. पण गावच्या यादीत नाव तसंच होतं, आणि आई सगळ्यांना सांगत होती की माझा रत्नदीप मतदानाला येतोय. मला भीती वाटली. तू तिला नाही म्हणू शकणार नाहीस, बोटाला शाई लागेल, उद्या कोणी तक्रार केली तर केस होईल. तुला विचारायचं सोडून मी सात नंबरचा फॉर्म भरला. नाव वगळण्याचा.

कारणांमध्ये 'भारतीय नागरिक नाही' असा एक चौकोन असतो. पेन तिथे टेकवलं आणि उचललं. 'कायमचे स्थलांतरित' यावर खूण केली. चौकशीला यादीचं काम बघणारे शाळेतले गुरुजी आले, त्यांना मीच उत्तर दिलं. तुझ्या नावाची नोटीस घरी आली तेव्हा आई शेतात होती, तीही मीच सही करून घेतली. सगळं मुदतीत केलं, कुठे खाडाखोड नाही. फक्त माणसांना सांगायचं राहिलं. मतदानाच्या संध्याकाळी तू मला म्हणालास, "बरं झालं नावच नव्हतं." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

परत भारतीय होता येतं, तेही मी वाचलंय. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं काढायची, अर्जाआधीचं एक वर्ष इथे येऊन राहायचं, तिकडचं नागरिकत्व सोडायचं. मग नाव पुन्हा यादीत. तू येणार नाहीस, हे मला कळतं. पण आईने विचारलं तर सांगता यावं म्हणून वाचून ठेवलं.

काल, आई गेल्यावर तासाभरात, पोस्टमनने पाकीट दिलं. आत फॉर्मची झेरॉक्स आहे. अर्जदाराच्या नावापुढे माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात. आईला ते दिसणार नाही. मी दुसरं काहीही वाचलं तरी ती विश्वास ठेवेल. तेही मनात येऊन गेलं, तुझ्यापासून लपवत नाही. पण मी सगळ्यांना निरोप दिलाय, रविवारी दहा वाजता विहारापुढे भागुजीकाकाही उभे असतील, आणि मी त्यावर जे आहे तेच वाचणार आहे. लोक म्हणतील, धाकट्याने जमिनीसाठी थोरल्याचं नाव काढलं. म्हणू देत. पण आई विचारेल, "का रं केलंस?" त्याचं उत्तर त्या कागदावर नाही, आणि तू नको म्हणालास म्हणून मीही ते देणार नाही. ते सांगणं तुझं आहे. ती साडेआठच्या एसटीने उतरेल. दहाच्या आत तुला तिच्याशी बोलता यावं म्हणून तिचा फोन चार्ज करून तिच्या हातात देईन आणि मी बाहेर ओट्यावर बसेन.

तुझाच धाकटा,
संघदीप