मान सरळ केलेला फोटो

तात्या, तुमचा फोटो सरळ करायचा का तसाच ठेवायचा, एवढंच विचारायचं होतं. आता विचारून उपयोग नाही. फोटो छापून आला, काच लागून आला आणि जळोचीच्या नव्या घरात बाहेरच्या खोलीत लागलासुद्धा. पण माझ्या डोक्यातलं मिटत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिताना मागचं पुढं होईल.

तुमचा एकच फोटो आपल्याकडं आहे, कळसला बहिणीचं लग्न झालं तेव्हाचा. मांडवाच्या खांबापाशी तुम्ही, शेजारी आई, पुढं आम्ही भावंडं. तो काचेला चिकटलाय, ओढला तर फाटेल. म्हणून सुनेनं काचेवरूनच मोबाईलनं फोटो घेतला, उजेड चमकू नये म्हणून जरा बाजूनं. मग कॉम्प्युटरवर चारी अंगांनी कापत आणला. आधी आम्ही भावंडं गेलो, मग आई गेली, मग खांब गेला. तुम्ही एकटेच उरलात. सून म्हणाली, "मामा, तिरका आलाय," आणि एक कोपरा धरून तिनं फोटो फिरवला. तुमची मान ताठ झाली.

"थांब," मी म्हणालो. "त्यांची मान तिरकीच असायची."

"असायची, का मी बाजूनं काढला म्हणून दिसतीय?"

खरं काय ते कळावं म्हणून कापलेला खांब तिला परत आणायला लावला. खांबही तिरका. पण मांडवाचा खांब सरळ असतो कधी? मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आण्णा, आता खांबाची साक्ष काढताय व्हय? सरळ छापा. माणूस कसा रुबाबदार दिसतोय."

गुऱ्हाळाच्या इंजिनाशेजारी उभं राहून तुमचा एक कान गेला होता. कुणी बोललं की तुम्ही चांगला कान त्याच्याकडं कलता करायचा. एकदा मी भाकरी घेऊन आलो. तुम्ही काहिलीपाशी उभे आहात, रस उकळतोय, मी हाका मारतोय आणि तुम्ही बघत नाही. शेवटी धोतर ओढलं. तुम्ही दचकून खेकसलात, "त्या अंगाचं दार बंद हाय. हिकडच्या दारानं ये." भोवतालची माणसं हसली. त्यानंतर मी कायम चांगल्या कानाच्या बाजूनंच आलो. पण ती बाजू कुठली, तेच आता आठवत नाही. आठवलं असतं तर सगळं सुटलं असतं. फोटोत मान त्याच बाजूला कललेली असती तर ती तुमची, नाहीतर मोबाईलची. मी खोलीच्या मधोमध तुमच्यासारखा उभा राहिलो, मान इकडं करून बघितली, तिकडं करून बघितली. फोटोतला उजवा कान म्हणजे तुमचा उजवा का माझा, यातच घोळ झाला. विचारावं असं कुणी राहिलं नाही.

वास्तुशांतीला पाहुणे येणार होते, सून खोळंबली होती. मी म्हणालो, "तिरकाच छाप." फोटोवाला काहीतरी म्हणाला असेल, ते ऐकायला तुम्ही कलला असाल, आणि तेवढ्यात त्यानं फोटो काढला असेल, असं मी मनाशी धरलं. पाहुणे आले. दोघातिघांनी खिळा हलला असेल म्हणून चौकट नीट करून बघितली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून एक लिहितो. सरळ केलेला फोटो मी सुनेला पुसू दिला नाही, माझ्या मोबाईलात घेतला. त्यात तुम्ही कुणाचं ऐकायला धडपडत नाही. समोर बघत निवांत उभे आहात. असे तुम्ही मला कधी दिसला नाहीत, म्हणून ते तुम्ही नसालच बहुतेक. तरी भिंतीवरच्यापेक्षा मी त्यांनाच जास्त बघतो.