स्वप्नं कुणाची

प्रिय धाकट्या,

बाबांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून कागद घेतलाय. तो रागानं बाजूला टाकलास तरी पुन्हा उचलता येतो.

त्यांच्या आजवरच्या सगळ्या स्वप्नचित्रांचं मोठं प्रदर्शन भरतंय. त्यासाठी संग्रहालयातली एक बाई माहिती घ्यायला घरी आली होती. चुणचुणीत, प्रश्नावर प्रश्न. मी चहा देऊन तिथेच रेंगाळले, कारण मला एक गंमत दिसली. तिनं "हे कसं सुचलं?" असं विचारलं की बाबा दाढी खाजवत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. दर वेळी! मला वाटलं, चहा आणखी हवा असेल. मग 'किटली'ची पाळी आली.

तेच चित्र रे. आई खुर्चीत बसलेली, मानेवर डोक्याऐवजी किटली आणि वाफेत तरंगणारे चंदेरी मासे. कुणीतरी त्यावर शाई फेकली होती. 'बायकोची विटंबना' म्हणून वर्तमानपत्रांनी बाबांना झोडपलं होतं. शाळेत पोरं तुला "ए किटलीच्या" म्हणायची आणि तू ओठ फोडून घेऊन घरी यायचास. मोठा झाल्यावर एक दिवस बॅग भरलीस आणि बाबांना म्हणालास, "आईचं डोकं उडवणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही." ते ब्रश धूत होते, धूतच राहिले. मला चीड आली होती. माणूस एक शब्द बोलत नाही म्हणजे काय!

तर त्या बाईनं विचारलं, "या माशांचा अर्थ काय?" बाबांनी पुन्हा दाराकडे बघितलं. आणि आतून आईचा आवाज आला, "मासे नाहीत ते, चमचे आहेत. यांना चमचे कधी जमलेच नाहीत."

बाई गेल्यावर मी आईला धरून बसवलं. मटार सोलता सोलता तिनं सांगितलं ते ऐक. बाबांना स्वप्नंच पडत नाहीत! उशीला डोकं टेकलं की थेट सकाळ. ज्या स्वप्नांपायी काहींनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि बाकीच्यांनी पायाखाली तुडवलं, ती सगळी आईची. सकाळी ती वेणी घालताना सांगायची, बाबा मागेमागे फिरत ऐकायचे. किटलीही तिचीच. "बँकेच्या काउंटरवर दिवसभर माझं डोकं असंच उकळायचं," म्हणाली. चित्रावर दोघांची नावं घालू या म्हणून बाबा मागे लागले होते, तेव्हा हिनं त्यांना कुणालाही न सांगण्याची शपथ घातली. नोकरी जाईल, घरात एक वेडा पुरे. शाई पडली तेव्हा त्यांनी ती शपथ पाळली. तू गेलास तेव्हाही.

मी विचारलं, "अगं, पण तू? धाकटा गेला तेव्हा तरी?" तिचे हात थांबले. "आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग इतका उशीर झाला, की सांगायचीच भीती वाटायला लागली."

आता प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली तिचंही नाव लागणार आहे. बाबा हट्टालाच पेटलेत. आई तयार झालीय, पण एका अटीवर. जगाला कळायच्या आधी तुला कळायला हवं. म्हणून हे पत्र. अक्षर माझं असलं तरी निरोप तिचा आहे, तिच्याच शब्दांत देते: "त्याला म्हणावं, बापावर काढलास तो राग माझ्या वाटणीचा होता. ये, आणि मला दे. जेवून जा म्हणत नाही मी, भांडून जा."

तुझीच,
ताई